संघ नेमका कोणाचा? नाव, जर्सी, गाव आणि जुन्या कपांचा हिशोब

हैदराबादनं आयपीएल किती वेळा जिंकली? आमच्याकडं वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात उन्हाळ्यात कोणत्याही पानठेल्यावर हा प्रश्न टाकून पाहा. एक जण म्हणेल एकदा, 2016 ला, वॉर्नरच्या कप्तानीत. दुसरा लगेच तोंडातला खर्रा सांभाळत म्हणेल, "काहून बे, 2009 चा कप काय हवेत गेला का? गिलख्रिस्ट होता ना कप्तान!"

दोघंही खरं बोलतात. 2009 ची स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत झाली आणि हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सनं ती जिंकली. 2016 मध्ये हैदराबादच्याच सनरायझर्सनं जिंकली. शहर तेच, घरचं मैदान तेच, टाळ्या वाजवणारी माणसंही बरीचशी तीच. कागदावर मात्र हे दोन वेगळे संघ आहेत आणि एकाच्या कपावर दुसऱ्याचा हक्क नाही.

मग संघ म्हणजे काय? नाव, रंग, गाव, मालक, खेळाडू की जिंकलेल्या कपांची यादी? यातलं एकेक बदलत गेलं तर कोणत्या टप्प्यावर तो संघ 'आपला' राहत नाही? जगभरातले चाहते यावर रात्र रात्र भांडतात. याचं अर्धं उत्तर करारपत्रात असतं आणि अर्धं लोकांच्या हट्टात. आधी करारपत्राचं बघू.

परवाना कोणाचा, वही कोणाची

आयपीएल ही बीसीसीआयची स्पर्धा. 2008 मध्ये बीसीसीआयनं आठ संघ चालवायचे हक्क लिलावात विकले. मुंबईचा हक्क सगळ्यात महाग, 11 कोटी 19 लाख डॉलरला गेला. राजस्थानचा सगळ्यात स्वस्त, 6 कोटी 70 लाख डॉलरला. पैसे दहा वर्षांत हप्त्याहप्त्यानं भरायचे होते. एवढे पैसे मोजून मालकाला मिळालं काय? मैदान मिळालं नाही, कारण ते बहुतेक ठिकाणी राज्याच्या क्रिकेट संघटनेचं असतं. खेळाडू कायमचे मिळाले नाहीत, ते करारावर येतात आणि पुढच्या लिलावात दुसरीकडं जातात. शहर तर कोणी विकतच घेऊ शकत नाही. मिळाला तो एक परवाना, अमुक शहराच्या नावानं या स्पर्धेत संघ उतरवायचा.

गावातलं कंट्रोलचं दुकान डोळ्यासमोर आणा. दुकान एक माणूस चालवतो, पण धान्य सरकारचं, दर सरकारचा आणि गाव नेमून दिलेलं. त्यानं नियम मोडला की परवाना रद्द होतो आणि दुसऱ्याच्या नावावर चढतो. रेशनकार्डं तीच राहतात, रांगेतली माणसंही तीच. पण नवा दुकानदार जुन्याची वही पुढं चालवत नाही, तो कोरी वही उघडतो.

हैदराबादचं अगदी हेच झालं. डेक्कन चार्जर्सचा मालक असलेला वृत्तपत्र समूह कर्जात बुडाला आणि सप्टेंबर 2012 मध्ये बीसीसीआयनं करार रद्द केला. हैदराबादचा हक्क पुन्हा विक्रीला निघाला आणि सन टीव्हीनं तो वर्षाला 85 कोटी 5 लाख रुपयांच्या बोलीवर घेतला. 2013 पासून सनरायझर्स मैदानात आले. धावून येणाऱ्या बैलाचं जुनं चिन्ह गेलं, नाव गेलं, आणि 2009 चा कप अशा संघाच्या नावावर राहिला ज्याला आज वारसच नाही. कोचीचा संघ तर 2011 चा एकच हंगाम खेळला. पुण्यात 2011 ते 2013 पुणे वॉरियर्स होते, मग 2016 आणि 2017 ला रायझिंग पुणे. गाव एक, वह्या दोन, आणि आज दोन्ही बंद.

आता याच्या उलट उदाहरणं घ्या. दिल्ली डेअरडेव्हिल्सचं 2019 च्या हंगामाआधी दिल्ली कॅपिटल्स झालं. किंग्ज इलेव्हन पंजाबचं 2021 मध्ये पंजाब किंग्ज झालं. बंगळूरच्या संघाचा मालक बदलला आणि 2024 मध्ये नावातल्या बंगलोरचं बेंगळुरू झालं. पण मूळ करार कुठंही तुटला नाही, म्हणून वहीही तुटली नाही. 2008 ची पहिली धाव आणि आजची धाव एकाच खात्यात जमा होते. चेन्नई आणि राजस्थान हे संघ 2016 आणि 2017 ला निलंबित होते. दोन वर्षं खेळलेच नाहीत, खेळाडू दुसऱ्या संघांत विखुरले, खुद्द धोनी पुण्याचा कप्तान झाला. तरी परवाना शाबूत होता. 2018 ला चेन्नई परत आली, जिंकली, आणि तो कप 2010 आणि 2011 च्या कपांच्या पुढं तिसरा म्हणून मोजला गेला. म्हणजे अधिकृत हिशोबात संघाचं सातत्य नावावर, रंगावर किंवा मालकाच्या चेहऱ्यावर ठरत नाही. करार अखंड आहे का, एवढंच पाहिलं जातं.

हा नियम वकिलाच्या कामाचा आहे, मला तो चाहत्यासाठी अपुरा वाटतो. हैदराबादच्या ज्या पोरानं 2009 चा कप पाहून बॅट हातात घेतली, त्याला कुठल्या कलमानं सांगणार की तो कप तुझा नाही?

जामठ्यावर आलेले पाहुणे

विदर्भाला आयपीएलचा परवाना कधी मिळाला नाही. पाहुणे मात्र आले. 2010 मध्ये तेलंगणाच्या आंदोलनामुळं हैदराबादेत सामने घेणं अवघड झालं, तेव्हा डेक्कन चार्जर्सचे घरचे सामने नागपूर, कटक आणि नवी मुंबईत वाटले गेले. वर्धा रोडवरचं जामठ्याचं मैदान त्या उन्हाळ्यात गतविजेत्या संघाचं 'घर' झालं. त्या संघात रोहित शर्मा होता, आणि त्याचा जन्म नागपूरचा. पण घर भाड्याचं होतं. पुढच्या वर्षी चार्जर्स हैदराबादला परतले आणि दोन वर्षांनी संपले.

दुसरे पाहुणे यायचे राहिले. 2016 मध्ये पंजाबनं नागपूरला दुसरं घर म्हणून निवडलं होतं, तीन सामने ठरले होते. त्या वर्षी महाराष्ट्र दुष्काळानं होरपळत होता. खेळपट्टीवर पाणी मारायचं की माणसाला प्यायला द्यायचं, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्या, असा आदेश झाला. नागपूरचे सामने गेले. क्रिकेटचा कितीही नाद असला तरी टँकरच्या रांगेत हंडे लावलेल्या माणसाला तो आदेश चुकीचा वाटला नसेल. मलाही वाटत नाही. पण यातून एक गोष्ट कळते. ज्या गावाकडं परवाना नसतो, त्याच्याकडून सामना काढून घेणं सोपं असतं. दुसरं घर म्हणजे सोयीचं घर.

मग आमच्याकडच्या पोरांनी संघ धरायचा तो कसा? गाव नाही म्हणून ती माणूस धरतात. खापरखेड्याच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा पोरगा, उमेश यादव, दिल्लीकडं होता तेव्हा दिल्ली आपली. कोलकात्याला गेला तेव्हा कोलकाता. मग बंगळूर, शेवटी गुजरात. अमरावतीचा जितेश शर्मा पंजाबकडून खेळला आणि 2025 ला बंगळूरकडं गेला. त्याच वर्षी अहमदाबादला अंतिम सामना पडला तो नेमका बंगळूर आणि पंजाब यांच्यात. अमरावती जिल्ह्यात त्या रात्री पंजाबच्या लाल जर्सीतली किती पोरं बंगळूरसाठी ओरडली असतील! बंगळूर जिंकलं, अठराव्या हंगामात पहिल्यांदा. मोठ्या शहरातला चाहता अशा निष्ठेला कच्ची म्हणतो. मी म्हणत नाही. ज्याच्या नकाशावर संघच नाही त्यानं आपल्या मातीतल्या माणसामागं जाणं, यात कच्चं काय आहे?

जर्सीचा रंग

आठवडी बाजारात कपड्यांच्या पालावर दोरीला टांगलेल्या जर्सी बघा. पिवळी सात नंबरची, निळी पंचेचाळीस नंबरची, लाल अठरा नंबरची. लांबून, नाव न वाचता, दहा वर्षांचं पोरगं संघ ओळखतं. रंगाची ताकद ही, आणि म्हणून रंगाला हात लावताना मालकानं दहा वेळा विचार करायला हवा. चेन्नईनं पिवळा कधी सोडला नाही. कोलकाता पहिली दोन वर्षं काळ्या-सोनेरी कपड्यात खेळलं, 2010 ला जांभळं झालं. राजस्थान निळं होतं, 2019 पासून गुलाबी आहे. बंगळूर 2011 पासून हंगामात एखादा सामना हिरव्या कपड्यात खेळतं, झाडं आणि पर्यावरणाच्या नावानं. रंग बदलायची कारणं बहुतेक वेळा साधी असतात: नवा प्रायोजक, नवी जर्सी विकायची संधी, किंवा दुसऱ्या संघाच्या रंगात आपला हरवतो म्हणून. आयपीएल तरुण आहे, इथले लोक हे बदल पचवतात.

जुन्या संघाचं तसं नसतं. वेल्समधला कार्डिफ सिटी हा फुटबॉल संघ शंभरेक वर्षं निळ्या रंगात खेळला. टोपणनावच ब्ल्यूबर्ड्स, म्हणजे निळे पक्षी. 2012 मध्ये मलेशियाचे मालक व्हिन्सेंट टॅन यांनी जर्सी लाल केली. आशियात लाल रंग शुभ मानतात, तिथं संघाची विक्री वाढेल, असा हिशोब होता. पुढच्याच वर्षी संघ प्रीमियर लीगमध्ये चढला, म्हणजे लाल रंग लाभला असं म्हणता आलं असतं. तरी चाहते निळे मफलर घालूनच मैदानात जात राहिले, आणि जानेवारी 2015 मध्ये मालकाला निळा परत आणावा लागला. संघ जिंकत होता तेव्हाही चाहते मालकाच्या रंगाला वश झाले नाहीत, हे मला विशेष वाटतं. हरताना सगळेच ओरडतात.

आपल्या देशात याहून मोठी झुंज कोलकात्यात झाली. मोहन बागान हा 1889 चा फुटबॉल क्लब. 1911 मध्ये त्याच्या खेळाडूंनी, एक सोडून सगळ्यांनी अनवाणी, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्यांना 2-1 हरवून आयएफए शील्ड जिंकली. 2020 मध्ये उद्योगपती संजीव गोएंका यांच्या एटीके संघाशी त्याचा संसार जुळवला गेला आणि नाव झालं एटीके मोहन बागान. हिरवा-मरून रंग राहिला, पण नावाआधी लागलेली ती तीन अक्षरं चाहत्यांना खुपली. एटीके काढा, अशी हाक त्यांनी तीन वर्षं लावून धरली. 2023 मध्ये एटीके निघालं आणि मोहन बागान सुपर जायंट झालं. शेपटीला मालकाचं ब्रँडनाव आलंच. त्याच वर्षी मे महिन्यात, गोएंकांचाच लखनऊचा क्रिकेट संघ ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध हिरव्या-मरून जर्सीत उतरला. कोलकात्याच्या लोकांनी आपल्या बाजूनं व्हावं म्हणून पाहुण्या संघानं यजमान शहराचा रंग अंगावर घेतला. त्या रंगाची किंमत मालकांनाही कळलेली आहे.

अमेरिकेत संघ गाव का सोडतात

आपल्याकडं आयपीएलचा संघ सहसा शहर सोडत नाही, कारण सोडून फार मिळत नाही. 2023 ते 2027 या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले, आणि त्यातला संघांचा वाटा ते कुठल्याही गावी खेळले तरी येतो. तिकिटांची कमाई त्यापुढं लहान. फुटबॉलमध्ये मात्र आपल्याकडंही घडलं आहे. एफसी पुणे सिटी 2019 ला बंद झाला, त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली, त्यानं 2021-22 ची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग ही फुटबॉल स्पर्धा, जिंकली, आणि 2025 मध्ये तोही उठून दिल्लीला गेला. दोन शहरांचे चाहते मागं राहिले.

अमेरिकेत तर संघानं गाव सोडणं हा धंद्याचा नेहमीचा डाव आहे. तिथल्या मोठ्या स्पर्धांमध्ये संघांची संख्या ठरलेली: अमेरिकन फुटबॉलमध्ये 32, बास्केटबॉलमध्ये 30. खालच्या पायरीवरून चढून वर यायची सोय नाही. त्यामुळं संघ कमी आणि संघ हवा असलेली शहरं जास्त. मालक आपल्या शहराला सांगतो, लोकांच्या करातून नवं स्टेडियम बांधून द्या, नाहीतर पलीकडचं शहर तयारच आहे. 1957 च्या हंगामानंतर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला डॉजर्स हा बेसबॉल संघ असाच लॉस एंजेलिसला गेला. ब्रुकलिननं 1955 ला जिंकलेला कप आजही लॉस एंजेलिसच्या खात्यात मोजतात, कारण परवाना तिकडं गेला.

बाल्टिमोरची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. तिथला कोल्ट्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ. मालक रॉबर्ट इर्से यांचं स्टेडियमवरून सरकारशी फाटलं. संघच सक्तीनं ताब्यात घ्यायचा, असा कायदा राज्याच्या विधिमंडळात पुढं सरकला. धरणासाठी सरकार जमीन घेतं तोच हा अधिकार, फक्त इथं जमिनीऐवजी संघ. ते पाहून मालकानं 28 मार्च 1984 च्या रात्री मालवाहू ट्रक लावले. सामान, उपकरणं, कागद सगळं भरलं आणि उजाडायच्या आत संघ इंडियानापोलिसच्या वाटेला लागला. लोकांना सकाळच्या बातम्यांत कळलं.

एक गोष्ट मात्र ट्रकमध्ये गेली नाही. कोल्ट्सचा बँड होता, सामन्याआधी वाजवणारा, हौशी लोकांचा. त्यांचे गणवेश त्या वेळी धुलाईच्या दुकानात होते. बँडवाल्यांनी ते मिळवले आणि काही काळ लपवून ठेवले. मग संघ नसलेल्या गावात हा बँड वाजत राहिला. मिरवणुकांत वाजवलं, दुसऱ्यांच्या सामन्यांत वाजवलं, नव्या स्टेडियमसाठी निधीचा प्रश्न आला तेव्हा विधिमंडळापुढं जाऊन वाजवलं. बारा वर्षं. 1996 ला बाल्टिमोरला रेव्हन्स हा नवा संघ मिळाला आणि पुढं हाच बँड त्या संघाचा झाला. नाव, चिन्ह, कप सगळं मालक घेऊन गेला होता. गावाची परंपरा त्या धुवायला टाकलेल्या कपड्यांत उरली होती आणि माणसांनी ती चालवली.

पण रेव्हन्स आले कुठून? क्लीव्हलँडहून. तिथल्या ब्राउन्सचे मालक आर्ट मॉडेल यांनी नोव्हेंबर 1995 मध्ये संघ बाल्टिमोरला नेत असल्याचं जाहीर केलं. ज्या गावाचा संघ नेला गेला होता, त्याच गावानं दुसऱ्याचा घेतला. क्लीव्हलँड गप्प बसलं नाही. महापालिका कोर्टात गेली, चाहत्यांनी देशभर रान उठवलं, आणि फेब्रुवारी 1996 मध्ये तडजोड झाली. मॉडेल यांनी खेळाडू आणि कर्मचारी न्यावेत. ब्राउन्स हे नाव, त्यांचा तपकिरी-नारिंगी रंग आणि सगळ्या जुन्या नोंदी क्लीव्हलँडला राहतील. तीन वर्षं ब्राउन्स फक्त कागदावर होते. 1999 मध्ये नव्या मालकाखाली, नव्या खेळाडूंसह ते परत मैदानात आले आणि पन्नास वर्षांच्या जुन्या वहीत पुढचं पान लिहू लागले. बाल्टिमोरच्या रेव्हन्सनं कोरी वही उघडली.

हैदराबादशी ताडून पाहा. तिथं गाव जागेवर राहिलं आणि वही मिटली. इथं आख्खा संघ गेला आणि वही गावात राहिली. म्हणजे वही मालकाबरोबर गेलीच पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. करार होताना कोण बसलंय आणि काय मागतंय, यावर ते ठरतं. शार्लट शहराला हेच बऱ्याच उशिरा मिळालं. त्यांचा हॉर्नेट्स हा बास्केटबॉल संघ 2002 ला न्यू ऑर्लिन्सला गेला होता. 2014 मध्ये शार्लटच्या नव्या संघाला हॉर्नेट्स हे नाव मिळालं आणि 1988 ते 2002 च्या नोंदीही परत आल्या.

इंग्लंडमध्ये चाहत्यांनी याहून अवघड वाट धरली. तिथं कोणताही लहान क्लब जिंकत जिंकत वरच्या श्रेणीत चढू शकतो, म्हणून संघ पळवून नेण्याची तिथं रीत नाही. तरी लंडनच्या विम्बल्डन या फुटबॉल क्लबला 2002 मध्ये मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात जायची परवानगी मिळाली. या क्लबनं 1988 चा एफए कप जिंकलेला होता. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन, आणि खेळाडू निवडायला गावच्या मोकळ्या माळावर चाचण्या ठेवल्या. सुरुवात थेट नवव्या पायरीपासून. नऊ वर्षांत, 2011 ला, हा क्लब इंग्लंडच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये पोचला. 2007 मध्ये स्थलांतर केलेल्या क्लबनं जुना इतिहास आणि एफए कपची प्रतिकृती विम्बल्डनच्या स्थानिक पालिकेकडं सोपवली. 2020 मध्ये चाहत्यांचा क्लब प्लाऊ लेन या आपल्या जुन्या रस्त्यावर नव्या मैदानात परतला. परवाना नव्हता, पैसा नव्हता. लोकांनी स्वतःला तोच संघ मानलं आणि वागले तसे.

विदर्भाची वही

आता आपल्या घरात येऊ. महाराष्ट्र राज्य एक, रणजीत संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. पण आपला भाग आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, नागपूर त्याची राजधानी होती. 1956 ला राज्यं नव्यानं आखली गेली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला. राजधानी गेली, नकाशा बदलला, क्रिकेटची संघटना मात्र वेगळीच राहिली आणि 1957-58 पासून विदर्भ या नावानं रणजी खेळू लागली.

साठ वर्षं काही हाती लागलं नाही. मग 2017-18 मध्ये फैज फजलच्या कप्तानीत विदर्भानं दिल्लीला हरवून रणजी जिंकली. रजनीश गुरबानीनं अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली. तो सामना झाला इंदूरच्या होळकर मैदानावर. होळकर हे नाव लक्षात घ्या. होळकर संस्थानाचा रणजी संघ 1945-46 ते 1952-53 या काळात चार वेळा विजेता झाला होता आणि त्याचे कप्तान सी. के. नायडू. 1932 मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचं नेतृत्व केलेला हा माणूस जन्मला नागपुरात. संस्थानं गेली, होळकर संघ मिटला. 2022 ला मध्य प्रदेशनं मुंबईला हरवून रणजी जिंकली तेव्हा सगळीकडं छापून आलं, मध्य प्रदेशचं पहिलं विजेतेपद. गाव इंदूरच, पण होळकरांचे चार कप मोजले गेले नाहीत. डेक्कन चार्जर्ससारखेच तेही वारसाविना राहिले.

विदर्भानं पुढच्याच हंगामात जामठ्यावर सौराष्ट्राला हरवून कप राखला, आणि 2024-25 मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसरा जिंकला. त्या हंगामात हर्ष दुबेनं 69 बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला विक्रम. या तीन कपांत बाहेरची माणसंही होती. मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक होते, वसीम जाफर होता, तिसऱ्या वेळी कर्नाटकचा करुण नायर होता. करुण पुन्हा कर्नाटकात गेला, आपला जितेश 2025 मध्ये बडोद्याला गेला. माणसं येतात-जातात, रणजीत सगळ्यांचा रंग पांढराच, मालक कोणी नाही. तरी या संघाबद्दल 'आमचा' म्हणताना कोणी अडखळत नाही, कारण नाव प्रदेशाचं आहे आणि वही कधी तुटली नाही.

कबड्डीतही हे दिसतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं जाऊन त्यांनी कबड्डी दाखवली. आज प्रो कबड्डीत विदर्भाच्या नावाचा संघ नाही, आणि तिथले सामने दोन-चार ठरलेल्या शहरांत उरकतात. 2024 चा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुणे एवढ्यातच झाला. पाटण्याच्या संघानं पाटण्यात न खेळता हंगाम काढायचा. गावोगावची मंडळं मात्र आपल्याच मातीत खेळतात.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात भंडारा आणि नागपूर जिल्ह्यातली गावं गेली, तेव्हा माणसं नव्या वसाहतीत आली. तिथल्या चाहत्याला हा सगळा विषय समजावून सांगावा लागत नाही. ब्रुकलिनचं गाव जागेवर राहिलं आणि संघ गेला. यांचं गावच पाण्याखाली गेलं. तरी जुन्या गावाचं नाव वसाहतीनं ठेवलं, आणि स्पर्धेच्या प्रवेशफॉर्मवर तेच नाव लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, लिलाव आता आपल्या तालुक्यात आले आहेत. टेनिस बॉलच्या स्पर्धांत खेळाडूंवर बोली लागते, संघमालक असतात. छातीवर कृषी केंद्राचं नाव, बाहीवर ट्रॅक्टरच्या शोरूमचं, पाठीवर खेळाडूचं, आणि गावाचं नाव कॉलरखाली बारीक अक्षरात. पुढच्या वर्षी प्रायोजक बदलला की संघाचं नावच बदलतं आणि मागच्या वर्षीची ढाल कोणाची, यावर मंडळात भांडण होतं. मालकांबद्दल माझी तक्रार नाही. मैदान सपाट करायला, लाइटला, जेवणाला पैसा लागतो आणि तो तेच देतात. पण संघ द्यायच्या आधी मंडळानं त्यांच्याशी चार गोष्टी लिहून घ्याव्यात. गावाचं नाव आधी, प्रायोजकाचं नंतर. जर्सीचा मुख्य रंग मंडळाला विचारल्याशिवाय बदलायचा नाही. ढाल आणि कप मंडळाच्या खोलीत राहतील, दुकानात नाही. आणि स्कोअरबुक दरवर्षी मंडळाच्या सचिवाकडं जमा होईल, संघ कोणीही चालवो. पाचशेच्या स्टॅम्पवर अर्ध्या पानात हे मावतं, आणि लिलावाच्या आधी सही घेतली तर कोणी नाही म्हणत नाही.